विश्लेषण : रिव्हॉल्व्हरचा बार फुसका का जातो? सॅम्युअल कोल्टचे आयुष्य आणि अंबरनाथचे पितळ

अंबरनाथची ऑर्डनन्स फॅक्टरी माहीत नाही असा माणूस उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात सापडणे कठीण. १९५३ पासूनचा हा कारखाना तांबे, पितळ, अ‍ॅल्युमिनियम अशा धातूंच्या कामासाठी ओळखला जातो. काडतुसाच्या पुंगळीला लागणारे पितळ हा त्याच्या कामाचा महत्त्वाचा भाग आहे. गोळीबाराच्या बातमीत ‘घटनास्थळी पुंगळ्या सापडल्या’ असे वाक्य येते, ती हीच पुंगळी. पण ती पितळेचीच का असते? आणि ती नव्हती तेव्हा रिव्हॉल्व्हरचे बार वारंवार फुसके का जात? या प्रश्नांची उत्तरे रिव्हॉल्व्हर जगभर नेणाऱ्या सॅम्युअल कोल्ट या अमेरिकी कारखानदाराच्या आयुष्यात सापडतात.

सॅम्युअल कोल्ट कोण होता?

कोल्टचा जन्म १९ जुलै १८१४ रोजी अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात, हार्टफर्ड येथे झाला. वडिलांचा व्यापार बुडाला आणि आई क्षयाने लवकर गेली. अकराव्या वर्षी सॅम्युअलला एका शेतावर कामाला ठेवण्यात आले. तेथे हाती लागलेल्या ज्ञानकोशातील दारू, वीज आणि यंत्रे यांवरचे लेख तो वाचत राहिला. १८२९ मध्ये, पंधराव्या वर्षी, त्याने तळ्यातील तराफा सुरुंगाने उडवून दाखवण्याची जाहिरात केली. स्फोट झाला, पण तराफा शाबूत राहिला आणि बघायला आलेले लोक चिखलाने माखले. पुढच्याच वर्षी शाळेत आतषबाजीच्या खेळातून आग लागली आणि त्याचे शिक्षण तेथेच संपले.

वडिलांनी त्याला खलाशीगिरी शिकण्यासाठी ‘कॉर्व्हो’ या जहाजावर धाडले. १८३० मध्ये बोस्टनहून निघालेले हे जहाज कोलकात्याला जाणार होते. रिव्हॉल्व्हरची कल्पना कोल्टला याच प्रवासात सुचली, असे तो पुढे सांगत असे. जहाजावरील चाक फिरते आणि हवे तेथे अडकवून पक्के करता येते, हे पाहून त्याने लाकडाचे एक प्रारूप कोरले. मात्र एलिशा कॉलियर याने बनवलेली फिरत्या कप्प्यांची चकमकीची शस्त्रे त्याआधीच अस्तित्वात होती आणि ती भारतातील ब्रिटिश सैनिकांकडेही होती. त्यामुळे कोल्टने तशी वस्तू कोलकात्यात पाहिली असावी, अशी शंका काही अभ्यासक घेतात.

मग कोल्टने नवे काय केले?

एकाच शस्त्रातून ओळीने अनेक बार काढण्याची धडपड शतकानुशतके चालू होती. ठासणीच्या बंदुकीत दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून भरून गजाने ठासावी लागे. एक बार झाला की पुन्हा तीच कसरत. शिवाय चकमकीच्या ठिणगीवर बार उडणार की नाही, हे वारा आणि पाऊस ठरवत. १८०७ मध्ये अलेक्झांडर फोर्सिथ या स्कॉटिश धर्मोपदेशकाने ठोका बसताच पेटणाऱ्या रसायनाचे पेटंट घेतले. त्यातूनच पुढे तांब्याची छोटी ‘टोपी’ आली. टोपीवर घोडा आदळला की ती पेटते आणि तिची ज्योत आतल्या दारूपर्यंत जाते.

कोल्टने ही टोपी फिरत्या सिलिंडरला जोडली. घोडा मागे ओढला की सिलिंडर एक घर पुढे सरकतो आणि त्या घराचे तोंड नळीच्या बरोबर समोर येऊन पक्के अडकते. चाप ओढला की घोडा टोपीवर पडतो. त्याच्या पेटंटचा गाभा एवढाच होता. त्याने इंग्लंडमध्ये १८३५ साली आणि अमेरिकेत २५ फेब्रुवारी १८३६ रोजी पेटंट घेतले.

तोवरची वाट सोपी नव्हती. वडिलांच्या पैशातून एक पिस्तूल आणि एक रायफल तयार झाली होती. रायफल चालली, पिस्तूल मात्र बार करतानाच फुटले. पुढच्या नमुन्यांसाठी पैसा हवा होता. म्हणून कोल्ट ‘डॉ. कोल्ट’ हे नाव घेऊन गावोगाव फिरला आणि हास्यवायूचे प्रयोग तिकीट लावून दाखवू लागला. जाहिरातीत तो स्वतःला न्यूयॉर्क, लंडन आणि कलकत्ता येथील डॉक्टर म्हणवून घेत असे. वैद्यकीचे शिक्षण त्याच्याकडे नव्हते, कलकत्ता मात्र त्याने खरोखर पाहिले होते.

पहिला कारखाना का बुडाला?

१८३६ मध्ये न्यू जर्सीतील पॅटरसन येथे त्याची कंपनी उभी राहिली. तेथील पाच बारांचे रिव्हॉल्व्हर दिसायला देखणे होते, पण नाजूक. पहिल्या नमुन्यांत दारू आणि गोळी भरण्यासाठी नळी काढून शस्त्र सुटे करावे लागे. भरण्याचा दांडा पुढे १८३९ मध्ये आला. १८३७ मध्ये लष्करी मंडळाने चाचण्या घेतल्या आणि हे शस्त्र फार गुंतागुंतीचे, अपघाताला निमंत्रण देणारे असल्याचे ठरवून ते नाकारले.

कोल्ट आपल्या फिरत्या रायफली घेऊन स्वतः फ्लोरिडाच्या रणभूमीवर गेला. तेथे सेमिनोल या मूलनिवासी जमातीशी अमेरिकी लष्कराचे युद्ध चालू होते. एका घोडदळाने पन्नास रायफली घेतल्या. पण या रायफलीत घोडा आत दडवलेला होता आणि सैनिकांना आतल्या यंत्राचे कुतूहल आवरेना. त्यांनी रायफली उघडल्या, स्क्रूची डोकी झिजवली, भाग तोडले आणि मग बार होईनासे झाले. दोष हाताळणीचा होता, पण शस्त्र शिपायाच्या हाती देताना त्याच्या हाताळणीचाही हिशेब करावा लागतो, हा धडा कोल्टला मिळाला. नंतरच्या नमुन्यांत त्याने घोडा बाहेर दिसेल असा ठेवला.

चाचणीत हार झाली की कोल्ट दुसऱ्या मार्गाने जिंकू पाहत असे. अधिकाऱ्यांना कोरीवकाम केलेली शस्त्रे भेट देणे, मेजवान्या झोडणे, ओळखी वापरणे हे सारे त्याने केले. तरीही १८४२ मध्ये पॅटरसनचा कारखाना बंद पडला.

त्या काळात बार फुसका जाण्याची कारणे कोणती?

पहिले कारण दमट दारू. प्रत्येक घरात दारू सुटी किंवा कागदी पुडीतून भरली जाई. पावसात, नदी ओलांडताना किंवा नुसत्या सर्द हवेत ती ओल धरे. मग टोपी फट्‌कन वाजे आणि आतली दारू थंडच राही.

दुसरे कारण तेल. शस्त्र गंजू नये म्हणून लावलेले तेल घरात किंवा टोपीखालच्या बारीक छिद्रात उरले, तर ज्योत दारूपर्यंत पोहोचत नसे. म्हणून जाणकार लोक दारू भरण्याआधी रिकाम्या घरांवर एकेक टोपी फोडून छिद्र कोरडे करून घेत.

तिसरे कारण टोपीच. ती सैल असेल तर धक्क्याने निसटे. पुरती खाली बसलेली नसेल तर घोड्याचा पहिला ठोका तिला खाली ढकलण्यातच खर्च होई आणि ती पेटत नसे. फुटल्यावर तिचे तांब्याचे तुकडे घोडा आणि सांगाड्याच्या फटीत पडत. मग घोडा पुरता खाली येत नसे किंवा सिलिंडरच अडकून बसे. म्हणून पुढचा बार चढवताना नळी वर धरण्याची सवय अनेकांनी लावून घेतली होती, म्हणजे तुकडे बाहेर पडत.

याच्या उलट धोका एकाऐवजी अनेक बार एकदम उडण्याचा. एका घराची ज्योत शेजारच्या घरात शिरली, तर नळीसमोर नसलेल्या घरातील गोळीही सुटे. त्यामुळे गोळीच्या तोंडावर चरबी लावण्याची पद्धत रूढ झाली.

या सगळ्यामागे एकच उणीव होती. दारू, गोळी आणि टोपी या तीन गोष्टी सुट्या होत्या. त्या ऐन वेळी, अनेकदा घाईत आणि ओल्या हातांनी, एकत्र आणाव्या लागत.

कोल्टला ही उणीव दिसली नव्हती का?

अर्धी दिसली होती. कारखाना बुडाल्यावर तो पाण्याखालील सुरुंग आणि पाण्यातून तार नेणे या कामांकडे वळला. पाणी आत शिरू न देणे हा या दोन्ही कामांचा मुख्य प्रश्न. त्याच काळात त्याने कागदाऐवजी पातळ धातूच्या वर्खात दारू आणि गोळी गुंडाळलेली, ओल न धरणारी काडतुसे बनवली. लष्कराने त्यांची चाचणीही घेतली. पण टोपी अजूनही वेगळीच होती.

याच वर्षांत एक कौटुंबिक आघात झाला. त्याचा भाऊ जॉन याच्यावर न्यूयॉर्कमधील सॅम्युअल अ‍ॅडम्स या मुद्रकाच्या खुनाचा खटला १८४२ मध्ये चालला. मृताला कोल्टच्या रिव्हॉल्व्हरने, दारूशिवाय फक्त टोपीच्या जोरावर गोळी मारली असावी, म्हणूनच आवाज झाला नाही, असा एक तर्क सरकार पक्षाने मांडला. त्यामुळे सॅम्युअललाच न्यायालयात यावे लागले आणि नुसत्या टोपीवर गोळी किती जोराने जाते, हे दाखवावे लागले. जोर फारच कमी निघाला. जखमा कुऱ्हाडीच्या असल्याचे पुढे आले. जॉन दोषी ठरला आणि फाशीच्या ठरल्या दिवशीच तुरुंगात मरण पावला. भावाला वाचवता येत नसताना आपल्या शस्त्राचा दुबळेपणा भर न्यायालयात सिद्ध करण्याची वेळ कोल्टवर आली.

त्या प्रात्यक्षिकाचा धडा आजही लागू आहे. काडतुसातील दारू पेटली नाही आणि फक्त प्रायमर वाजला, तर गोळी अनेकदा नळीतच अडकते. आवाज नेहमीपेक्षा बराच दबका येतो. हे न ओळखता दुसरा बार केला, तर नळी फुटू शकते.

नशीब कसे पालटले?

टेक्सासच्या रेंजर दलाकडे पॅटरसनची काही रिव्हॉल्व्हरे पोहोचली होती. १८४४ मध्ये कोमांची या मूलनिवासी योद्ध्यांशी झालेल्या एका चकमकीत संख्येने कितीतरी कमी असूनही रेंजर वरचढ ठरले. ज्या शस्त्राने कोल्टची कीर्ती झाली, ते त्या भूमीच्या मूळ रहिवाशांवर चालत होते, हा या यशाचा दुसरा भाग. त्या चकमकीतील सॅम्युअल वॉकर या अधिकाऱ्याने कोल्टशी संपर्क साधला आणि शस्त्रात काय बदल हवेत ते सांगितले. सहा बार, जास्त जोर, शिपायाला झेपेल अशी सोपी रचना. मेक्सिकोशी युद्ध पेटले होते. १८४७ च्या आरंभी सरकारने एक हजार रिव्हॉल्व्हरांची मागणी नोंदवली. कोल्टकडे स्वतःचा कारखाना नव्हता. त्याने एलाय व्हिटनी धाकटा याच्या कारखान्यात ती बनवून घेतली.

‘वॉकर’ हे सुमारे दोन किलो वजनाचे अवजड शस्त्र. जोर मिळाला, पण नव्या तक्रारी आल्या. बाराच्या धक्क्याने भरण्याचा दांडा खाली लोंबे आणि सिलिंडर अडवे. सैनिक तो चामड्याच्या वादीने बांधून ठेवत. काहींचे सिलिंडर दारूचा दाब न सोसून फुटले. पुढच्याच ‘ड्रॅगून’ नमुन्यात कोल्टने सिलिंडर आखूड केला, दारूचे माप घटवले आणि दांड्याला खिटी बसवली. स्वतः वॉकर ऑक्टोबर १८४७ मध्ये मेक्सिकोतील लढाईत मारला गेला.

त्यानंतर कोल्टने मागे वळून पाहिले नाही. हार्टफर्डमध्ये कारखाना उभा राहिला. तराफ्याच्या फसलेल्या प्रयोगापासून ओळखीचा असलेला एलिशा रूट हा कुशल यंत्रज्ञ १८४९ मध्ये कारखान्याचा प्रमुख झाला. सुटे भाग हातांनी घासून जुळवण्याऐवजी यंत्रांवर एकाच मापात कापले जाऊ लागले. बार फुसका जाण्याच्या दृष्टीनेही हा बदल मोठा होता. घोड्याची उंची, स्प्रिंगचा ताण, सिलिंडर थांबण्याची जागा यांत नगामागे फरक पडला, तर एक शस्त्र चालते आणि दुसरे दगा देते. माप सारखे झाले की दोषही शोधता येतो आणि भागही बदलता येतो. १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनात कोल्टची शस्त्रे गाजली. १८५३ मध्ये त्याने लंडनमध्येही कारखाना काढला, पण तो तीन-चार वर्षांतच बंद करावा लागला.

पितळी काडतूस त्याच्या हातून कसे निसटले?

रोलिन व्हाइट हा कोल्टच्या कारखान्याशी संबंधित कारागीर. सिलिंडरची घरे आरपार पोखरून मागच्या बाजूने तयार काडतूस भरण्याचे पेटंट त्याने ३ एप्रिल १८५५ रोजी मिळवले. ही कल्पना कोल्टने धुडकावून लावली, अशी कथा शस्त्रांच्या इतिहासात रूढ आहे. ती कशीही असो, पेटंटचे हक्क स्मिथ आणि वेसन या भागीदारांकडे गेले. कोल्टचे मूळ पेटंट १८५७ मध्ये संपले आणि त्याच वर्षी त्यांचे धातूच्या काडतुसाचे छोटे रिव्हॉल्व्हर बाजारात आले. गोळी, दारू आणि पेटवणारे रसायन आता एकाच बंद पुंगळीत होते. सुट्या टोपीची गरजच उरली नाही. व्हाइटच्या पेटंटची मुदत १८६९ पर्यंत होती. तोवर कोल्टच्या कंपनीला हा मार्ग बंद राहिला.

कोल्ट तोपर्यंत अतिशय श्रीमंत झाला होता. १८५६ मध्ये त्याचे एलिझाबेथ जार्विसशी लग्न झाले. त्यांच्या मुलांपैकी एकच मुलगा मोठा होईपर्यंत जगला. यादवी युद्धाच्या तोंडावर त्याने दक्षिणेकडील राज्यांनाही शस्त्रे विकली आणि त्यासाठी देशद्रोहाचे आरोप ऐकले. १० जानेवारी १८६२ रोजी, वयाच्या ४७ व्या वर्षी आजाराने त्याचा मृत्यू झाला. १८६४ मध्ये कारखान्याचा मोठा भाग जळाला. एलिझाबेथने तो पुन्हा उभारला. पितळी काडतुसाचे कोल्टचे सर्वांत प्रसिद्ध रिव्हॉल्व्हर १८७३ मध्ये आले. ते पाहायला तो नव्हता.

पितळच का?

पुंगळीसाठी साधारण ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त असे पितळ वापरतात. ते न फाटता खोल ओढता येते, म्हणजे चकतीपासून कप आणि कपापासून लांब पुंगळी बनते. बार होताना ते क्षणभर फुगून घराच्या भिंतीला घट्ट चिकटते, त्यामुळे गरम वायू मागे येत नाही. लगेच किंचित आकसते, म्हणून रिकामी पुंगळी सहज निघते. ते गंजत नाही आणि ओल आत शिरू देत नाही. तळाशी प्रायमर पक्का बसतो. कोल्टच्या काळातील दमट दारू, सैल टोपी, टोपीचे तुकडे आणि शेजारच्या घरात शिरणारी ज्योत या चारही दुखण्यांवर हा एकच उपाय ठरला.

महाराष्ट्रात खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा आहे, म्हणजे व्हाइटचे पेटंट संपले त्याच वर्षाचा. वरणगावचा कारखाना १९६० च्या दशकातील. या दोन्ही ठिकाणी बंदुकांची काडतुसे बनतात आणि अंबरनाथ हे धातूकामाचे केंद्र आहे. ऑक्टोबर २०२१ मधील फेररचनेनंतर अंबरनाथची ऑर्डनन्स फॅक्टरी ‘यंत्र इंडिया लिमिटेड’ या सरकारी कंपनीत आली. पुंगळीच्या भिंतीची जाडी किंवा प्रायमरच्या खळग्याची खोली केसभर चुकली, तरी दूर कुठेतरी शिपायाचा बार फुसका जाऊ शकतो. म्हणूनच या कामात तपासणीला इतके महत्त्व असते.

आजही बार फुसका का जातो?

कारणे कमी झाली, संपली नाहीत. जुनी किंवा ओल लागलेली काडतुसे हे नेहमीचे कारण. तेल झिरपून प्रायमर निकामी होणे हे दुसरे. घोड्याची स्प्रिंग अशक्त झाली किंवा यंत्रात घट्ट मळ साचला, तर ठोका हलका बसतो. अशा वेळी प्रायमरवर उथळ खूण दिसते. खूण खोल असूनही बार झाला नसेल, तर संशय काडतुसावर जातो. सिलिंडर झिजून मागे-पुढे हलत असेल किंवा पुंगळीच्या कडेखाली कचरा अडकला असेल, तरी ठोक्याचा जोर वाया जातो. परवानाधारकाने हे घरी उघडून पाहू नये, अधिकृत दुरुस्ती करणाऱ्याकडेच न्यावे. फ्लोरिडातील सैनिकांनी उघडलेल्या रायफलींचे काय झाले, ते वर आलेच आहे.

सर्वांत मोठा धोका उशिरा पेटणाऱ्या काडतुसाचा. चाप ओढला, काहीच झाले नाही, आणि क्षणभराने बार उडाला, असे घडू शकते. म्हणून नळी सुरक्षित दिशेलाच रोखून किमान ३० सेकंद थांबण्याची शिस्त सरावाच्या मैदानांवर शिकवली जाते. रिव्हॉल्व्हरमध्ये चाप लगेच पुन्हा ओढला, तर न उडालेले काडतूस नळीसमोरून बाजूला सरकते. तेथे ते पेटले तर गोळीला जायला वाटच नसते. प्राणावर बेतलेल्या प्रसंगात पुन्हा चाप ओढून पुढचे घर समोर आणता येते, हीच रिव्हॉल्व्हरची खुबी मानली जाते आणि पोलिसांकडे ते दीर्घकाळ टिकण्याचे ते एक कारण होते. सरावाच्या मैदानावर मात्र तीच सोय अपघात घडवू शकते.